फलकावर नसलेली नावे

अटलांटा शहरातून दक्षिणेकडे निघाले की अडीच-तीन तासांनी प्लेन्स नावाचे गाव लागते. गाव कसले, वस्तीच म्हणायची. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ५७३. मुख्य रस्ता एकच, त्याच्या कडेला दुकानांची एक ओळ आणि समोर रेल्वेचा रूळ. गेल्या सप्टेंबरात मुलीकडे गेलो होतो तेव्हा तिने विचारले, "बाबा, कुठे जायचं? समुद्र की डोंगर?" मी म्हटले, "जिमी कार्टरांच्या गावाला." ती म्हणाली, "तिथे काय आहे?" खरे सांगायचे तर मलाही नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या नौदल अकादमीतून बाहेर पडून पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हा आजवरचा एकमेव माणूस, एवढेच माहीत होते. सत्तावीस वर्षे आपल्या शाळेत गणित शिकवलेल्या मास्तराला तेवढे कारण पुरते.

तेथे 'जिमी कार्टर राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' आहे. १९८७ मध्ये ते ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाले आणि २०२१ मध्ये त्याला उद्यानाचा दर्जा मिळाला. 'उद्यान' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कारंजी, हिरवळ आणि मधोमध उंच पुतळा आला. आपल्याला सवय तशीच आहे. लष्करी शाळा म्हटली की फाटकाशी रणगाडा किंवा निवृत्त झालेले विमान, आत हुतात्म्यांचे स्मारक, आणि असेंब्ली हॉलच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांचे फलक. प्लेन्सला यातले काही नाही. एक जुनी शाळा, एक रेल्वे स्टेशन, एक शेत आणि एक साधे घर, एवढ्यालाच ते उद्यान म्हणतात. तिकीटही नाही.

शाळा १९२१ साली सुरू झाली आणि १९७९ मध्ये बंद पडली. आता तेथे संग्रहालय आहे. ज्युलिया कोलमन नावाच्या बाई तेथे शिकवत, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. तुमच्यापैकी कोणीही या देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो, असे त्या मुलांना सांगायच्या. कार्टर यांनी १९७७ च्या शपथविधीच्या भाषणात या बाईंचे नाव घेतले. आम्हा शिक्षकांना अशा गोष्टी ऐकल्या की बरे वाटते, आणि हेवाही वाटतो. बाईंनी बारा वर्षांच्या जिमीला टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' वाचायला दिली. नाव ऐकून पुस्तक काउबॉय आणि रेड इंडियन लोकांचे असेल असे वाटून तो खूश झाला होता, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. ही शाळा फक्त गोऱ्या मुलांसाठी होती. जिमीचे शेतावरचे सवंगडी काळे होते, ते दुसऱ्या शाळेत जात.

रेल्वे स्टेशन १८८८ चे. १९७६ च्या निवडणुकीत कार्टर यांच्या प्रचाराचे मुख्य कार्यालय तेथे होते. कारण काय, तर गावातल्या रिकाम्या इमारतींत संडास असलेली तेवढीच एक होती. माझ्या जावयाला हे फार आवडले.

पण मला थांबवून ठेवले ते शेताने. प्लेन्सपासून अडीच मैलांवर आर्चरी नावाची वस्ती आहे. कार्टर चार वर्षांचे असताना, १९२८ मध्ये, कुटुंब तेथे राहायला आले. जॉर्जियाची ती तांबडी माती पाहून मला कोकण आठवले. घर लाकडी, बसके. वीज १९३८ मध्ये आली. पवनचक्की बसवून घरात पाणी खेळवले ते १९३५ मध्ये, तोवर पाणी विहिरीवरून ओढायचे आणि परसाकडेला बाहेर जायचे. नळ आल्यावर वडिलांनी बादलीच्या तळाला भोके पाडून शॉवर केला. कोठार, लोहारकाम, मजुरांसाठीचे किराणा दुकान, कोंबड्या, बकऱ्या, सगळे जागच्या जागी आहे. ठिकठिकाणी एक बटण असते. ते दाबले की कार्टर स्वतः त्या जागेची आठवण सांगतात. शंभर वर्षे जगून २९ डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या माणसाचा आवाज त्याच्याच कोठारात उभे राहून ऐकायचा, हा अनुभव जरा वेगळाच होता. पाचव्या वर्षापासून जिमी शेंगा उपटायचा, धुवायचा, मिठाच्या पाण्यात उकडायचा आणि कागदी पुड्यांत घालून गावात विकायचा. गावातल्या एका दुकानात तशाच शेंगा मिळाल्या. सौ. म्हणाल्या, "अहो, या तर आपल्याच उकडलेल्या शेंगा की!"

घरापासून थोड्याच अंतरावर आणखी एक लहान घर जपून ठेवले आहे, जॅक आणि रेचल क्लार्क या काळ्या दांपत्याचे. जॅक शेतावरचा प्रमुख गडी. उजाडायच्या तासभर आधी शेतावरची मोठी घंटा तो वाजवायचा आणि दिवस सुरू व्हायचा. कार्टर यांच्या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावही त्या वेळेवरूनच आले आहे, 'अ‍ॅन अवर बिफोर डेलाइट'. जिमी कित्येक रात्री या क्लार्कांच्या घरी जमिनीवर झोपला. मासे कसे पकडावेत, कापूस भरभर कसा वेचावा, हे त्याला रेचलने शिकवले. त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. चौदाएक वर्षांचा असताना तो दोन काळ्या मित्रांबरोबर कुरणाच्या फाटकाशी आला. त्या दोघांनी फाटक उघडले आणि मागे सरून त्याला आधी जाऊ दिले. त्याला वाटले, पुढे तार लावून ठेवली असेल, आपल्याला पाडायची मस्करी असेल. तशी तार नव्हती. आता तू गोरा बाप्या झालास, आपले बरोबरीचे दिवस संपले, असे त्यांना घरी सांगितले गेले असावे, हे त्याला फार नंतर उमगले.

मी त्या लहान घराच्या पायरीवर बराच वेळ बसलो. आपल्या शाळेत पहाटे साडेपाचला घंटा वाजवणारे एक गृहस्थ होते. जुन्या मुलांना ते आठवतील. त्यांनी किती वर्षे घंटा वाजवली हे मला सांगता येणार नाही, कारण शाळेच्या कुठल्याच भिंतीवर ते लिहिलेले नाही.

आता नौदलाची गोष्ट. जून १९४६ मध्ये कार्टर अकादमीतून बाहेर पडले, पाणबुड्यांवर गेले. अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांचा कार्यक्रम तेव्हा रिकोव्हर यांच्या हाताखाली सुरू होता. त्यासाठीच्या मुलाखतीत कार्टर यांनी अभिमानाने सांगितले की अकादमीत आपण ८२० जणांत ५९ वे आलो. रिकोव्हर यांनी अभिनंदन केले नाही. तू तुझ्याकडून होईल तेवढे सगळे केलेस का, एवढेच विचारले. कार्टर आधी 'हो' म्हणणार होते, मग म्हणाले, नाही, नेहमीच नाही. 'का नाही?' असे विचारून रिकोव्हर यांनी खुर्ची फिरवली आणि मुलाखत संपली. ही गोष्ट मी वर्गात पन्नास वेळा सांगितली असेन. ती सांगितली की मुले आठवडाभर नीट अभ्यास करतात.

निवड झाली. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडात चॉक रिव्हर येथील अणुभट्टीत अपघात झाला तेव्हा ती उतरवण्याच्या कामात कार्टर यांची तुकडी होती. शेजारच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारून त्यांनी एकेक नट काढायचा सराव केला, कारण प्रत्यक्ष भट्टीजवळ माणसाला जेमतेम दीड मिनिट थांबता येत होते. अठ्ठावीस वर्षांचा हुशार लेफ्टनंट, अगदी नव्या शाखेत. पुढे अ‍ॅडमिरल होणार, असे कोणीही म्हटले असते.

इथपर्यंतची गोष्ट मी वर्गात सांगायचो. पुढची सांगत नसे.

जुलै १९५३ मध्ये वडील कर्करोगाने गेले. शेवटच्या दिवसांत जिमी उशाशी बसून होते. गावातली माणसे एकामागून एक येत होती, काळी आणि गोरी, आणि प्रत्येक जण वडिलांनी गुपचूप केलेली कसली ना कसली मदत सांगत होता. उद्या मी अ‍ॅडमिरल झालो तरी माझ्या आयुष्याचा एवढा उपयोग कोणाला होईल का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरमध्ये नौदल सोडले. पत्नी रोझलिन इतक्या संतापल्या की गावाकडच्या प्रवासात त्या नवऱ्याशी बोलत नव्हत्या. तीन लहान मुले, घर नाही म्हणून सरकारी गरिबांच्या वसाहतीतली खोली. १९५४ मध्ये दुष्काळ पडला. त्या वर्षीच्या शेतीच्या धंद्यातून तीनशे डॉलरसुद्धा सुटले नाहीत.

त्या वर्षी अकादमीने फलक रंगवायला घेतला असता तर हा माणूस त्यावर कुठे बसला असता?

हा प्रश्न मला प्लेन्सला पडला, आणि तो पडण्याचे कारण आपल्या शाळेत आहे. २००३ मध्ये असेंब्ली हॉलमधील फलक नव्याने रंगवायचे ठरले. समिती तिघांची होती, मी सचिव. एका तुकडीच्या मुलांनी पत्र पाठवले. त्यांचा एक मित्र एन.डी.ए.त निवडला गेला होता, खडकवासल्याला गेला होता, चौथ्या टर्ममध्ये गुडघा मोडला आणि वैद्यकीय मंडळाने त्याला घरी पाठवले. बोर्ड आउट. मित्रांचे म्हणणे असे की त्याचेही नाव घ्यावे. मी उत्तर लिहिले, की फलक कमिशन मिळालेल्यांचा आहे, नियमाला अपवाद करता येत नाही. अक्षर माझे, सही माझी. गणिताच्या मास्तराला नियम आवडतो. त्यानंतर तो मुलगा एकाही माजी विद्यार्थी मेळाव्याला आला नाही. तो एसटीच्या एका आगारात अधिकारी आहे आणि २०१९ च्या पुरात चार दिवस घरी न जाता आगारातच होता, हे मला त्याच्या मित्राकडून कळले.

नियम चुकीचा होता का? मी अजूनही म्हणेन, त्या फलकासाठी नव्हता. कमिशनचा फलक कमिशनचाच असावा. चूक अशी की शाळेत दुसरा फलकच नव्हता. आपण मुलाला सहावीत घेतो, पहाटे उठवतो, सात वर्षे घडवतो, आणि मग त्याच्याबद्दल एकच गोष्ट लिहून ठेवण्याजोगी मानतो. ती घडली नाही तर तो आमच्या लेखी नाहीसा होतो. आणि ती न घडणारेच जास्त असतात. एन.डी.ए.च्या एका परीक्षेला चारशेच्या आसपास जागा आणि अर्ज लाखांनी, यात प्रयत्न कमी पडला असे प्रत्येकाबद्दल म्हणता येणार नाही. जे आत जाऊन जायबंदी होतात त्यांची तर गोष्टच वेगळी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशिक्षणात अपंगत्व येऊन घरी पाठवलेल्या कॅडेट्सच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. वर्तमानपत्रात ती बातमी वाचताना मला माझे २००३ चे पत्र आठवले होते. महिनाभराने मी प्लेन्सला होतो.

माझ्या एका सहकारी मित्राला हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी हटकले. म्हणाले, "सर, कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले म्हणून त्यांचं शेत जपलं. नाहीतर कोण कुत्रं विचारतं? तुम्ही यशस्वी माणसाचंच उदाहरण घेऊन अयशस्वी मुलांची बाजू मांडताय." आक्षेप बिनतोड आहे. आपल्याकडे डॉ. कलामांचे उदाहरण आपण असेच वापरतो. डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीत पंचवीस जणांत ते नववे आले आणि जागा आठ होत्या. हा किस्सा आपण प्रत्येक नापास मुलाला ऐकवतो. पुढे राष्ट्रपती या नात्याने, ८ जून २००६ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पुण्याला लोहगावहून सुखोई विमानातून उड्डाण केले, हेही ऐकवतो. मुलगा मान डोलावतो. त्याला कळत असते की आपण कलाम होणार नाही.

म्हणून मी राष्ट्राध्यक्षाच्या घराबद्दल सांगत नाही, क्लार्कांच्या घराबद्दल सांगतो. ते घर कोणी मोठे पद मिळवले म्हणून जपलेले नाही. त्याच्याशिवाय शेजारच्या घराची गोष्ट खरी होत नाही, म्हणून ते आहे. तसेच नौदल सोडण्याचेही. कार्टर १९८० ची निवडणूक वाईट रीतीने हरले. पन्नास राज्यांपैकी सहा त्यांच्या वाट्याला आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इराणमधील ओलिसांना सोडवण्याची लष्करी मोहीम वाळवंटात फसली, आठ सैनिक मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दूरचित्रवाणीवर येऊन त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेतली. अशा माणसाचे स्मारक करताना पाणबुडी दाखवून राजीनामा गाळता आला असता, जसा मी वर्गात गाळत होतो. प्लेन्समध्ये तो गाळताच येत नाही. राजीनामा दिला नसता तर तो माणूस त्या गावात परत आलाच नसता. राष्ट्राध्यक्षपद संपल्यावरही तो तेथेच परतला. १९६१ मध्ये बांधलेल्या साध्या घरात राहिला, आणि आज पत्नीशेजारी त्याच घराच्या आवारात त्याला पुरले आहे.

एक गोष्ट या विषयाशी थेट संबंध नसताना सांगतो, कारण हे मराठी पान आहे. कार्टर यांच्या आई लिलियन परिचारिका होत्या. जन्म १५ ऑगस्ट १८९८. नवरा गेल्यावर, १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या पीस कोअरमध्ये भरती झाल्या आणि मुंबईत विक्रोळीला गोदरेज कॉलनीच्या दवाखान्यात सुमारे दोन वर्षे काम करून गेल्या. मुलगा तेव्हा राष्ट्राध्यक्ष वगैरे काही नव्हता. हे ऐकल्यावर सौ. म्हणाल्या, "विक्रोळीला? आपल्या माईआत्या तेव्हा तिथेच राहायच्या!" मग पुढचा अर्धा तास माईआत्या.

परत आल्यावर मी प्राचार्यांना भेटलो. सन्मानफलकाला हात लावा असे सांगितले नाही, तो आहे तसा राहू दे. ग्रंथालयात एक जाड नोंदवही ठेवावी, एवढेच मागितले. प्रत्येक तुकडीला दोन-चार पाने. सहावीत जेवढी मुले आली तेवढ्यांची नावे प्रवेशाच्या क्रमाने, आणि नावापुढे त्याने स्वतः लिहिलेल्या पाच ओळी. जो कर्नल आहे तोही पाच ओळी लिहील आणि ज्याचा किराणा आहे तोही पाचच. शेवटी काही पाने घंटा, मेस, धोबीखाना आणि घोड्यांचा तबेला सांभाळणाऱ्यांसाठी. त्यांना लिहायचे नसेल तर आपण लिहून घेऊ. प्राचार्य म्हणाले, "ऑडिटला काय सांगू?" मी म्हटले, वहीचे पैसे मी देतो. मग ते हसले आणि जागा दिली, नकाशांच्या कपाटाशेजारी, खिडकीखाली.

एसटीतल्या त्या मुलाला मी पत्र लिहिले. २००३ च्या पत्राचा उल्लेख केला, माफी मागितली. वहीबद्दलही लिहिले. पंधरा दिवसांनी फोन आला. आवाज ओळखला नाही. "सर, माफीचं राहू द्या," तो म्हणाला. "पाच ओळींत मावणार नाही. सहा चालतील का?"

नियम पाच ओळींचा आहे. मी म्हटले, चालतील.

त्याच्या तुकडीत प्रवेश घेतलेल्या बासष्ट जणांपैकी एकेचाळीस जणांचे पत्ते मला मिळाले आहेत. बाकीच्यांपैकी कोणी तुमच्या ओळखीत असेल, किंवा तुमच्या घरात एखाद्या जुन्या छायाचित्रात मेसचे किंवा तबेल्याचे कर्मचारी उभे असतील आणि त्यांची नावे तुम्हाला आठवत असतील, तर शाळेच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर कळवा. वही उघडली आहे. घंटा वाजवणाऱ्या त्या गृहस्थांचे पहिले नाव मला अजून मिळालेले नाही. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत होतो.